दोन कान, दोन मापे

आपल्या भाषेने डोळ्यांचे जितके लाड केले, तितके कानांचे केले नाहीत. डोळ्यांना कमळाची उपमा, हरिणीची उपमा, मीनाची उपमा. कानांच्या वाट्याला मात्र शिक्षाच फार. कान धरावेत, उपटावेत, पिळावेत, टोचावेत. आणि इतके करूनही माणूस सुधारला नाही तर म्हणावे, की याने एका कानाने ऐकले आणि दुसऱ्या कानाने सोडून दिले! कानाला काही माप असते, ही गोष्ट तर कुणाच्या गावीही नाही. शिंपी छातीचे माप घेतो, चपलांच्या दुकानातला पोऱ्या पावलाचे घेतो, कासार तर मनगट नुसते दाबून बांगडी कोणती बसेल ते सांगतो. आपल्या पायाला सात नंबर लागतो की आठ, हे आपण झोपेतही सांगू. पण "तुमच्या कानाचा नंबर कोणता हो?" असे कुणी विचारले, तर त्याचा नंबर येरवड्याला लागला असेल अशीच शंका आपल्याला येईल.

मला या मापाचा पत्ता लागला तो पंच्याहत्तरी उलटल्यावर. त्याला कारण झाली आमची अक्का, आणि चिंचोक्याएवढ्या दोन वस्तू.

अक्का माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. गाणे हा तिचा प्राण. पुण्याच्या वाड्यात आम्ही वाढलो तेव्हा घरात रेडिओ एक आणि ऐकणारे पंधरा. १९५५ च्या रामनवमीपासून पुढे वर्षभर आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरून माडगूळकर-फडक्यांचे 'गीतरामायण' लागत असे. गाणी सारी मिळून छप्पन्न. पण दर आठवड्याला नवे गाणे लागले, की आमच्या बिऱ्हाडात शेजारच्या बिऱ्हाडांतली माणसेही उंबऱ्यावर येऊन बसत. अक्का तेव्हा बारा वर्षांची. ती रेडिओच्या लाकडी पेटीला कान लावून बसे, आणि गाणे संपले की त्याची चाल आईला जशीच्या तशी म्हणून दाखवी. पुढे ती रीतसर शिकली, शिकवण्या केल्या, पन्नासएक मुलींच्या गळ्यांत तिने सूर घातला. आता तिने ब्याऐंशी ओलांडली आहे. पहाटे पाचला जाग येते आणि जाग आली की गाणे हवे. पण सदनिकेच्या भिंती पातळ, पलीकडच्या खोलीत नातीचा परीक्षेचा अभ्यास, सूनबाईंना नोकरीवर जायचे असल्यामुळे त्यांची तासभर झोप मोलाची. तेव्हा पहाटेचा भैरव ऐकायचा तरी कसा?

यावर तोडगा म्हणून तिचा बंगळूरचा नातू गेल्या दिवाळीत एक डबी घेऊन आला. म्हणाला, "आजी, तुझ्यासाठी कानातले आणलेत!"

अक्काचा चेहरा उजळला. "अरे, आता या वयात कशाला? आहेत त्या कुड्यासुद्धा कपाटात पडून असतात." असे म्हणत तिने डबी उघडली, तर आत मोती नाहीत की पोवळे नाही, एका काळ्या तारेला लोंबणारी दोन काळी बोंडे! "हे कसले रे कानातले? हे तर कानाच्या आतले!" ती म्हणाली, आणि सगळे घर हसले. पोराने मुद्दाम तारेचे आणले होते. बिनतारी असते तर एखादे बोंड फराळाच्या डब्यात सापडले असते, हे तो आजीला ओळखून होता.

हसणे तेवढ्यावरच संपले. अक्काने ती बोंडे कानांत घातली, नातवाने एक जुनी मैफल लावून दिली, आणि दोन मिनिटांत तिने ती काढून ठेवली. "तबला एकाच हाताने वाजवतोय का रे हा? डग्गा कुठे गेला? आणि तंबोऱ्यात जीव नाही."

नातवाने तीच बोंडे स्वतःच्या कानांत घालून पाहिली. त्याला डग्गा ऐकू आला, तंबोराही ऐकू आला. मग त्याने आईकडे पाहिले, आईने बाबांकडे पाहिले, आणि कुणीच काही बोलले नाही. अलीकडे त्या घरात 'आजीला ऐकू येत नाही' हे वाक्य वारंवार येऊ लागले होते. त्या क्षणी त्यावर जणू शिक्का बसला. अक्काला तो शिक्का स्वच्छ ऐकू आला असावा. डबी मिटत ती एवढेच म्हणाली, "त्याचा काय दोष? माझेच कान गेले असतील."

हे वाक्य मला लागले. आमच्या वडिलांचे कान असेच हळूहळू गेले होते. बहिरेपण आंधळेपणासारखे दिसत नाही, म्हणून त्याची कणवही कुणाला येत नाही. वडील पंक्तीत बसत, सगळे हसले की एक क्षण उशिरा हसत, आणि कुणी काही विचारले की मान डोलवीत. ती मान होकाराची की नकाराची, याची कुणी चौकशी करीत नसे. शेवटची सहा-सात वर्षे ते घरातच राहून घराबाहेर होते. अक्काने ते सारे जवळून पाहिले होते. तिच्या त्या वाक्यात एका वस्तूबद्दलची तक्रार नव्हती. पुढे काय वाढून ठेवले आहे याची ती ओळख होती.

पण मला एक गोष्ट खटकत होती. कान गेलेल्या माणसाला आवाज बारीक येईल, अस्पष्ट येईल. नेमका डग्गाच कसा गळेल? म्हातारपणी कान जातात ते वरच्या बाजूने, चिमण्यांच्या आणि घड्याळाच्या टिकटिकीच्या बाजूने. खर्ज बहुधा शेवटपर्यंत राहतो, हे मी वडिलांच्या वेळी डॉक्टरांकडून ऐकले होते. इथे सगळाच प्रकार उलटा. तेव्हा दुसऱ्या दिवशी मी ती डबी पुन्हा मागून घेतली.

कानात घालायच्या नळ्यांचा इतिहास मोठा मौजेचा आहे. १८१६ साली पॅरिसमध्ये लाएनेक नावाच्या डॉक्टराने कागदाची सुरळी करून रोग्याच्या छातीला लावली, आणि तीतून हृदयाचे ठोके नुसत्या कानापेक्षा स्पष्ट येतात असे त्याला आढळले. त्या सुरळीचा पुढे स्टेथोस्कोप झाला. १८९१ साली मर्काद्ये नावाच्या फ्रेंच अभियंत्याने कानाच्या भोकात बसणाऱ्या टेलिफोनचे पेटंट घेतले. वजन पन्नास ग्रॅमच्या आत, आणि कानाला टोचू नये व बाहेरचा गलका आत येऊ नये म्हणून टोकाला रबराचे वेष्टण. म्हणजे हल्लीच्या पोरांच्या कानांतले हे नवे खूळ सव्वाशे वर्षांहून जुने! आणि रबराच्या त्या वेष्टणातच सगळी गोम आहे, हे त्या गृहस्थाने तेव्हाच ओळखले होते.

कानाची नळी जेमतेम एक इंच लांब. ती सरळ नाही; नागमोडी वळण घेत पुढच्या बाजूला, नाकाच्या रोखाने जाते. बाहेरचा तिसरा हिस्सा कूर्चेचा, म्हणून लवचिक. आतला दोन-तृतीयांश हाडाचा. डॉक्टरांच्या स्टेथोस्कोपची टोके नीट पाहा. तीही किंचित पुढे कललेली असतात. ती उलटी घातली, तर तोच रोगी आणि तेच हृदय, पण ठोका पुसट येतो.

आता बोंडात काय असते? एक इवलासा पडदा. तो हलतो आणि पुढची चिमूटभर हवा दाबतो, सोडतो. नळी नीट बंद असेल तर ती चिमूटभर हवाच पुरते. कानाचा पडदा तिच्याबरोबर हलतो. पण बोंड आणि कान यांच्यामध्ये केसाएवढी फट राहिली, तर? ज्यांनी पेटी वाजवली आहे त्यांना भात्याचे उदाहरण लगेच पटेल. भात्याला चीर पडली, की आपण कितीही हलवला तरी हवा चिरेतून निसटते आणि सूर कण्हतो. कानातही तसेच होते. बारीक, भरभर कंपणारे सूर त्या फटीला दाद देत नाहीत. हवा निसटायला त्यांत वेळच नसतो. पण डग्ग्याची घुमक, खर्जाची तार हे संथ जीव. काळी एकमध्ये लावलेल्या तंबोऱ्याची खर्जाची तार सेकंदाला साधारण सत्तर वेळा कंपते. एवढ्या सवडीत दाब फटीतून सहज गळून जातो. राहतो तो तबल्याच्या चाटीचा टणत्कार आणि तंबोऱ्याची वरवरची झिणझिण. अक्काने सांगितले होते ते अक्षरशः हेच!

डबीच्या तळाशी एक पुडी होती, आणि तीत रबरासारख्या सिलिकॉनच्या टोप्यांच्या आणखी दोन जोड्या. एक लहान, एक मोठी. बोंडांवर चढवून दिलेली जोडी मधल्या मापाची. मधले माप हे सगळ्यांचे म्हणून दिलेले असते, आणि सगळ्यांचे जे असते ते पुष्कळदा कुणाचेच नसते. नातवाच्या कानाला ते बसले, हा नातवाचा योग.

मी अक्काला खिडकीशी बसवले. बोंड कानात नुसते खुपसायचे नसते, त्याची एक रीत आहे. उजव्या कानात घालताना डावा हात डोक्यावरून नेऊन उजव्या कानाची पाळी वर आणि किंचित मागे ओढायची. (शाळेत मास्तर ओढीत तशी, पण मायेने.) तेवढ्याने नळीचे वळण सरळ होते. मग बोंड जरासे फिरवत, नाकाच्या रोखाने आत सरकवायचे आणि पाळी सोडून द्यायची. तार सरळ खाली लोंबू दिली तर तिच्या भाराने बोंड निसटते. शिवाय अक्काचा पदर तारेला घासला की कानात वाळूचे वादळ उठे. म्हणून तार कानाच्या वरून मागे वळवून घेतली आणि पुढचा भाग गळ्याशी पदराच्या पिनेत अडकवला. वादळ शमले.

डाव्या कानात मधल्या टोपीनेच काम भागले. "हां, इकडे आहे डग्गा," अक्का म्हणाली. उजवीकडे मात्र तो येईना. लहान टोपी लावली तर ती नुसती आत जाऊन बसली. बसली असे वाटले, पण गळती तशीच. मोठी टोपी पाहून अक्का म्हणाली, "एवढी मोठी कशी जाईल? माणसाचे दोन्ही कान सारखेच असणार ना?" मी म्हटले, "अक्का, दोन्ही पावले तरी कुठे सारखी असतात? एक चप्पल नेहमी आधी चावते." मोठी टोपी गेली. पाळी सोडताच बाहेरच्या रिक्षांचा आवाज एकदम लांब गेला, जणू कुणी खिडकी लोटली. मी मैफल पुन्हा लावली.

अक्का काही बोलली नाही. डोळे मिटले. थोड्या वेळाने खुर्चीच्या हातावर तिची बोटे पडू लागली. काल, खाली, सम. पाच-सात मिनिटांनी डोळे न उघडताच म्हणाली, "बाळ्या, खर्जाची तार जरा उतरली आहे रे यांची. मधल्या दोन नीट लागल्यात." मी दुसऱ्या दिवशी नातवाच्या कानांत तीच मैफल घातली. त्याला तार उतरलेली काही कळली नाही. पोरगा हुशार आहे. तो काय समजायचे ते समजला.

इथे गोष्ट संपवली तर ती गोड होईल, पण पुरी होणार नाही. मी अक्काला कानाच्या डॉक्टरांकडेही घेऊन गेलो. त्यांनी आधी कान तपासले आणि सांगितले, की कानात काडी किंवा कापसाचा बोळा घालू नका. मळ आपला आपण बाहेर येत असतो, काडीने तो आत ढकलला जातो. मग एका बंद खोलीत बसवून एकेक सूर ऐकवत श्रवणाचा आलेख काढला. खालचे आणि मधले सूर वयाच्या मानाने चांगले, वरचे मात्र उतरलेले. स, श, च, त या व्यंजनांचा जीव त्या वरच्या सुरांत असतो. आणि तो मुळातच अशक्त. म्हणून अक्काला सूर पुरता ऐकू येतो आणि शब्द निसटतो. 'सात' म्हटले तर 'हात' ऐकू येतो. आपण काय करतो? ओरडतो. ओरडल्याने स्वर मोठे होतात, व्यंजने होती तेवढीच राहतात. वर आपला चेहरा रागावलेला दिसतो तो वेगळाच! डॉक्टर म्हणाले, समोर बसा, तोंड दिसू द्या, सावकाश बोला. श्रवणयंत्राचाही उपयोग होईल. पुढे ते यंत्र घ्यायला गेलो, तर तिथे कारागिराने कानात मऊ लगदा भरून चक्क कानाचा ठसा घेतला. कानाचे माप घेणारा शिंपी मला अखेर भेटला! मला मोठा आनंद झाला. दोन्ही ठसे शेजारी ठेवून पाहिले. उजवा डाव्याहून अंगाने भरलेला होता.

म्हणजे घरच्या मंडळींचेही अगदी चूक नव्हते. अक्काचे कान थोडे उतरलेच होते. पण डग्गा हरवला होता तो कानामुळे नव्हे, फटीमुळे. दोन्ही गोष्टी एका वाक्यात कोंबल्या असत्या, तर तिचे गाणे विनाकारण कपाटात गेले असते.

ज्यांच्या घरी या दिवाळीत अशी डबी आली असेल, त्यांच्यासाठी चार गोष्टी सांगून ठेवतो. अभ्यंगस्नानानंतर लगेच बोंडे कानांत घालू नयेत. ओल्या किंवा तेलकट कानात टोपी टिकत नाही, आणि कानालाही ते बरे नाही. टोप्या अधूनमधून काढून धुवाव्यात, पुऱ्या वाळवून मग चढवाव्यात. बोंडाच्या जाळीवरचा मळ मऊ कोरड्या ब्रशाने झाडावा. कुठलीच टोपी बसत नसेल, तर स्पंजाच्याही मिळतात. चिमटीत दाबून आत घालायच्या आणि त्या फुलेपर्यंत अर्धा मिनिट बोट धरून ठेवायचे. तोंडात सुपारी असेल तर मैफल पुढे ढकलावी. जबडा हलला की नळीचा आकार बदलतो आणि फट पडते. आणि बोंडे घालून स्वतः गुणगुणू नये. अक्काने गुणगुणून पाहिले आणि दचकली, "रांजणात तोंड घालून गातेय असं वाटलं!" आपला आवाज हाडांतून कानात येतो आणि दार बंद असल्यामुळे आतच घुमतो. कानावर हात ठेवून गाणारे आपले शाहीर हीच युक्ती करतात. पण त्यांना डफाच्या गजरात स्वतःचा सूर हवा असतो, अक्काला दुसऱ्याचा.

सर्वांत महत्त्वाचे आवाजाचे. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाप्रमाणे ८० डेसिबलचा आवाज मोठ्या माणसाने आठवड्याला चाळीस तास ऐकला तर चालतो. लहान मुलांसाठी ही मर्यादा ७५. पण दर तीन डेसिबल वाढले, की वेळ निम्मी करायची. ८३ ला वीस तास, ८६ ला दहा, ८९ ला अवघे पाच! गाडीतली पोरे बाहेरचा खडखडाट बुडवायला आवाज चढवतात, आणि फट असली की हरवलेला डग्गा शोधायलाही चढवतात. नीट बसलेले बोंड दोन्ही गरजा मिटवते. अक्का हल्ली पूर्वीच्या निम्म्या पट्टीवर ऐकते. मात्र रस्त्यावर ही बोंडे नकोत. तिथे भैरवापेक्षा मागून येणाऱ्या बसचा सूर ओळखणे अधिक निकडीचे असते.

एक रुखरुख मात्र उरते, आणि ती टोपी बदलून जाणारी नाही. वाड्यात एका पेटीतून निघालेले गाणे पंधरा जणांचे होई. कुणी 'वाहवा' म्हटले की दुसऱ्याला ती जागा कळे. आता अक्काच्या डोळ्यांत एखाद्या जागेला पाणी येते, आणि शेजारी बसून पेपर वाचणाऱ्या मला त्या खोलीत फक्त पंख्याचा आवाज ऐकू येतो. वडिलांवर जे एकटेपण लादले गेले, ते आपण हौसेने कानांत घालून बसलो आहोत की काय, असेही मनात येऊन जाते. अक्कापाशी याचे साधे उत्तर आहे. पहाटे पाच ते सहा कान तिचे. सहा वाजले की ती बोंडे काढते, उजव्या टोपीवर ओळखीसाठी लावलेला नेलपॉलिशचा लाल ठिपका पाहून डबीत नीट ठेवते, श्रवणयंत्र लावते आणि स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून सूनबाईंना म्हणते, "हं, आता बोला."

नातू बंगळूरहून दर रविवारी फोन करतो. पूर्वी तो भडाभडा बोलून दोन मिनिटांत मोकळा होई, आणि अक्का 'हो हो' म्हणत राही. परवा तिने त्याला मध्येच थांबवले. मी तिथेच होतो. ती म्हणाली, "बाळा, तुझा गळा छान आहे, शब्दही चांगले असतील, पण तू सुरुवातीलाच द्रुत घेतोस. आजीशी बोलताना विलंबितात बोलत जा. मला काही घाई नाही."

पलीकडे क्षणभर शांतता झाली. मग तो सावकाश, एकेक शब्द सुटा करून बोलू लागला. तो फोन पंचवीस मिनिटे चालला.